एकशे ऐंशी ग्रॅमची पुडी

१. न फुगलेला केक

गुंजबाई किराणा दुकानातला काटा तपासत होत्या. हातात पाच किलोचं खात्रीचं वजन होतं, मनात चहाचा विचार होता, एवढ्यात बेकरीवाला तणतणत आत आला आणि त्यानं केकचा साचा धाडकन काउंटरवर आपटला.

"बघा," तो म्हणाला. "हा केक आहे की फरशी, तेवढं सांगा."

साच्यात पिवळसर काहीतरी तळाला चिकटून बसलं होतं. केक म्हणायला जीभ धजावत नव्हती, आणि फरशी म्हटलं तर फरशीचा अपमान झाला असता.

गुंजबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या वजनमाप खात्यातल्या निरीक्षक. गुंजेएवढाही फरक काट्यात खपवून घेत नाहीत, म्हणून बाजारातल्या लोकांनी त्यांना माघारी ठेवलेलं हे नाव. ते त्यांच्या कानावर आलं होतं. मनातून आवडलंही होतं. पण तसं दाखवलं तर लोकांना चेव येईल, म्हणून त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

"सोडा इथूनच नेला सकाळी," बेकरीवाला म्हणाला. "अर्धा किलो. दुकान उघडल्यावर पहिला मीच. दोन घाणे वाया गेले. हा घ्या उरलेला सोडा, आणि हे दोन्ही घाणे बाहेर गाडीवर झाकून ठेवलेत. कुणाच्या तोंडात कणसुद्धा गेलेला नाही."

काट्यामागे उभी असलेली काटेवाली पुढं आली. गेली अकरा वर्षं या दुकानातला सगळा सुटा माल तीच तोलत होती. "अहो, सोडा ताजा आहे. आज सकाळीच नवं पोतं फोडून डबा भरला."

"मग फुगत का नाही?"

गुंजबाईंच्या कानशिलाजवळची शीर उडायला लागली होती. कोडं समोर आलं की ती अशीच उडायची, आणि मग चहा काय, जेवणाचीही आठवण राहायची नाही. त्यांनी एक लिंबू मागवलं. भिंतीला लागून सुट्या मालाचे आठ उभे डबे होते आणि वर आठ खुंट्यांना भरायचे मोठे स्टीलचे चमचे लटकत होते. गुंजबाई सोड्याच्या डब्याशी गेल्या, आत रुतलेल्या चमच्याची मूठ बाजूला सारून चिमूटभर पांढरी पूड घेतली आणि तिच्यावर लिंबू पिळलं.

खाण्याच्या सोड्यावर लिंबू पडलं की तो फसफसतो. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ही पूड मात्र ढिम्म बसून राहिली.

गुंजबाईंनी ती बोटांत चोळली. बुळबुळीत लागली. मग त्या समोरच्या भिंतीकडं गेल्या. तिकडं साबण, फिनेल, झाडू असला खाण्याशी संबंध नसलेला माल होता, आणि एक डबा झुरळं मारायच्या बोरिक पावडरीचा. त्यातली चिमूट घेतली. लिंबाचा एक थेंब टाकला.

झुरळांची पावडर फसफसून वर आली.

२. एकोणीस पावत्या

"म्हणजे," बेकरीवाला खुर्ची शोधत म्हणाला, "मी केकमध्ये झुरळांचं औषध घातलं?"

"घातलंत. सुदैवानं फुगला नाही," गुंजबाई म्हणाल्या.

दुकानाचा मालक गल्ल्यावरून उठून आला. चाळिशीचा, तुळतुळीत दाढी केलेला, कुणी काही विचारायच्या आत नाही म्हणायची सवय असलेला माणूस. त्यानं दोन्ही डब्यांकडं पाहिलं आणि थेट काटेवालीकडं बोट केलं.

"ॲप्रन काढ. आत्ताच्या आत्ता."

"मालक, मी डबे भरत नाही. मी तोलते."

"तुझ्या हातून माल जातो ना? मग तूच जबाबदार."

काटेवालीनं ॲप्रन काढला, घडी घातली आणि काट्याजवळ ठेवला. रडली नाही, पण घडी घालताना ती दोनदा चुकली. अकरा वर्षांत या बाईच्या काट्यात त्यांना एक ग्रॅमचीही खोट सापडली नव्हती.

"ॲप्रनचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी मला हे सांगा, या डब्यातलं आणखी कुणाकुणाच्या घरी गेलंय? बोरिक पोटात गेलं तर धडधाकट माणसाला उलट्या होतील. लहान मूल असेल, कुणाची मूत्रपिंडं नाजूक असतील, तर जिवावर बेतेल. आता पावणेअकरा वाजलेत. स्वयंपाकाची वेळ झालीय."

काटेवालीनं घड्याळाकडं पाहिलं.

"पावत्या काढा," गुंजबाई म्हणाल्या.

मालकानं यंत्रातून पावत्यांची नक्कल काढली. सकाळपासून एकोणीस. प्रत्येक पावतीवर क्रमांक, वेळ, आणि एक आकडा. बस्स. काय घेतलं, कुठल्या दरानं, किती वजनाचं, याचा पत्ता नाही.

गुंजबाईंनी डोळे मिटून घेतले. या दुकानाला त्यांनी तीनदा लिहून कळवलं होतं. सुट्या मालाच्या पावतीवर मालाचं नाव हवं, दर हवा, भरलेल्या डब्याचं वजन, रिकाम्या डब्याचं वजन, निव्वळ मालाचं वजन, आणि मग शेवटी आकडा. सहा ओळी. जास्त काही मागितलं नव्हतं.

"सहा ओळी छापायला कागद काय झाडाला लागतो?" मालक पुटपुटला.

"झाडापासूनच होतो," बेकरीवाला म्हणाला. त्याला आता थोडा धीर आला होता.

गुंजबाईंनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. काटेवालीनं सांगितलं, की डबा काल रात्री रिकामा झाला होता, तो तिनं धुऊन पुसून ठेवला. सकाळी गोदाममामांनी त्यात पाच किलोचं पोतं ओतलं, समोरचा बोरिकचा डबाही भरला, मग तिनं सोड्याचा डबा काट्यावर चढवला आणि भरलेल्या डब्याचं वजन खडूनं डब्याच्या अंगावर लिहिलं. हा तिचा रोजचा शिरस्ता. खडूचा आकडा अजून तसाच होता, सहा किलो दोनशे.

"त्यानंतर तुम्ही इथून हललात?"

"नऊ वाजता दहा मिनिटं. गोदामात माल मोजून घ्यायला."

गोदाममामा पांढऱ्या मिशांचे, पाठीत वाकलेले. पंचवीस वर्षं या दुकानात होते. पोतं कसं ओळखलंत, असं विचारल्यावर त्यांना राग आला.

"ओळखायला काय लागतं, बाई? हे काम करतच मिशा पांढऱ्या झाल्या. पोत्याला चिठ्ठी असते. ती बघतो आणि ओततो."

"चिठ्ठी बरोबर होती?"

"बरोबरच होती," मामा ठासून म्हणाले.

शेवटी मालक. तो वर्तमानपत्र पुढ्यात ओढून बसला होता, आपल्याला काही पडलेली नाही हे दाखवायला. पान उलटलं तेव्हा मधल्या पानाला चौकोनी भोक दिसलं आणि त्यातून त्याचा शर्ट दिसला.

"नऊ वाजता तुम्ही कुठं होतात?"

"इथं. मग नाश्त्याला घरी. रोजच जातो, मागच्याच गल्लीत तर आहे."

"पावतीशिवाय कुणाला माल दिलात?"

"पावती नाही तर माल नाही. आमच्या दुकानाचा नियम आहे," मालक छाती पुढं काढून म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं. त्यानं सोड्याचा डबा उचलून काट्यावर ठेवला. काट्यावर आकडा उमटला, पाच किलो सातशे.

"झालं," त्यानं टाळी वाजवली. "सकाळी सहा दोनशे. आता पाच सातशे. गेलं किती? पाचशे. तेवढं यांनी नेलं आणि परत आणलं. दुसऱ्या कुणाकडं कणही गेला नाही. मिटलं प्रकरण."

बेकरीवाल्यानं सुस्कारा सोडला. गोदाममामांनी खांद्यावरच्या पंच्यानं कपाळ पुसलं. हिशेब बिनचूक होता. गुंजबाईंनी आपलं खात्रीचं वजन पेटीत ठेवलं, पेटीची कडी लावली, पिशवी खांद्याला अडकवली आणि जाता जाता सवयीनं भिंतीवरच्या खुंट्या मोजल्या.

खुंट्या आठ होत्या. चमचे सात.

३. आठवा चमचा

"कुणी हात लावू नका," गुंजबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज असा होता, की मालकाचा डब्याकडं गेलेला हात हवेतच थांबला. त्यांनी डब्यात हात घातला आणि पावडरीत रुतलेला मोठा चमचा मुठीला धरून वर काढला. झटकला. पुसला. मग काट्यावर ठेवला.

एकशे ऐंशी ग्रॅम.

"सकाळी डबा तोललात तेव्हा हा कुठं होता?" त्यांनी काटेवालीला विचारलं.

"खुंटीला. चमच्यासकट डबा मी कधीच तोलत नाही. चमचा काय माल आहे?" काटेवाली म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात घेतला.

गुंजबाईंनी डबा चमच्याविना पुन्हा काट्यावर ठेवला. पाच किलो पाचशे वीस.

"गेलं किती, ते आता सांगा, मालक."

मालकाला आकडेमोड यायची. तरी या वेळी त्यानं बोटांवर मोजलं. "सहाशे ऐंशी."

"बेकरीवाल्यांनी नेलं पाचशे. राहिलं एकशे ऐंशी. माल गेला आणि त्याच्या जागी नेमका तेवढ्याच वजनाचा चमचा येऊन बसला. म्हणून हिशेब जुळला. रिकाम्या भांड्याचं वजन वेगळं लिहा म्हणून मी तीनदा पत्र पाठवलं, ते उगीच नव्हे."

गोदाममामा पोत्यावर टेकले. घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती, आणि या वस्तीतल्या कुठल्या तरी स्वयंपाकघरात झुरळांचं विष सोडा म्हणून ठेवलेलं होतं.

४. सतरा

"एकशे ऐंशी ग्रॅमचे किती होतात?" गुंजबाईंनी विचारलं.

काटेवालीनं तोंडीच केलं. "सोड्याचा दर किलोला शहाण्णव. सतरा आणि वर काहीतरी. यंत्र सतराच छापतं."

चौघंही पावत्यांच्या नकलेवर तुटून पडली. बेकरीवाल्यानं बोट ठेवलं. अकरावी पावती, वेळ नऊ अठ्ठावीस, आकडा सतरा.

"सापडलं," मालक ओरडला. "कोण होतं? आठव, आठव."

काटेवालीनं डोळे मिटले. "नऊ अठ्ठावीस म्हणजे मी परत आले होते. शाळेच्या बाईंनंतर... समोरचा शिंपी."

रस्ता ओलांडायला लागतो तो वेळही गुंजबाईंना जास्त वाटला. शिंप्याच्या दुकानात मशीन चालू होतं, मागच्या स्टोव्हवर पातेलं होतं आणि पातेल्यातून वाफ येत होती. मालकानं पुढं झेपावून स्टोव्ह बंद केला. शिंप्यानं सुईत ओवायचा दोरा तसाच तोंडात धरून सगळ्यांकडं पाहिलं. आपल्या स्वयंपाकात एवढ्या लोकांना एकाएकी रस वाटावा, असा त्याचा स्वयंपाक कधीच नव्हता.

"सकाळी काय नेलंत?" गुंजबाईंनी विचारलं.

"मिरी."

"मिरी?"

"मिरी. काळी मिरी. वीस ग्रॅम. सर्दी झालीय." त्यानं फळीवरची कागदी पिशवी काढून दाखवली. आत मोजक्या मिऱ्या होत्या. "काय झालं? मिऱ्यांत काही आहे?"

"मिऱ्यांत काही नाही. घ्या बिनधास्त," काटेवाली म्हणाली आणि भिंतीला टेकली. "मीच तोलली. सतरालाच वीस ग्रॅम येते. कशी विसरले मी."

"तुम्ही विसरला नाहीत," गुंजबाई म्हणाल्या. "पावतीनं सांगितलं नाही. वीस ग्रॅम मिरी आणि एकशे ऐंशी ग्रॅम विष, दोन्हीची पावती या दुकानात एकच."

रस्त्याच्या मधोमध त्या थांबल्या. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता तरी हलल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी उलटसुलट फिरत होतं, आणि कानशिलाजवळची शीर ताडताड उडत होती.

"एकशे ऐंशी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एकशे ऐंशी कोण मागतं?"

५. पावती नसलेला माणूस

"ऐका," दुकानात शिरताच गुंजबाई म्हणाल्या. त्यांना आता बोलायची घाई झाली होती. "गिऱ्हाईक शंभर मागतं, पाव किलो मागतं, अर्धा किलो मागतं. एकशे ऐंशी कुणी मागत नाही. म्हणजे हे काट्यावर आलंच नाही. कुणीतरी चमच्यानं अंदाजे भरलं. आता गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत येता येत नाही. म्हणजे भरणारा आतला माणूस."

मालकानं पुन्हा काटेवालीकडं पाहिलं.

"ती नव्हे," गुंजबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं मी हिचे चमचे खुंटीला बघतेय. आज सकाळी बेकरीवाल्यांना भरून दिल्यावरही तिनं चमचा खुंटीला लावला असणार. तिचा हात झोपेतही ते काम करेल. चमचा डब्यात टाकून जाणारा माणूस वेगळा आहे. ज्यानं रोज डबे भरलेले नाहीत, असा."

"मामा?" बेकरीवाल्यानं हळूच विचारलं.

"नऊ वाजता मामा आणि ही, दोघं गोदामात माल मोजत होती." गुंजबाई गल्ल्याकडं वळल्या. "आणि मामांनी नेलं असतं तर कागदी पिशवीत नेलं असतं, तिथं शंभर पिशव्या टांगल्यात. पण कुणीतरी वर्तमानपत्राचं मधलं पान चौकोनी फाडलं. पुडी बांधायला. पिशवी हाताशी असताना कागदाची पुडी कोण बांधतं? ज्याला लहानपणी गल्ल्यावर बसवून पुड्या बांधायला शिकवलंय, तो."

मालकाचा हात गल्ल्यावरच्या वर्तमानपत्राकडं गेला.

"तुमच्या घरी खाण्याचा सोडा कोण घेतं, मालक?"

मालकाच्या तोंडून एका दमात सगळं बाहेर पडलं. "बाबा. पोटात जळजळतं त्यांच्या. दुपारी जेवण झालं की अर्धा पेला पाण्यात एक चमचा. त्यांची बरणी संपली होती. नाश्त्याला जाताना नेली पुडी. टेबलावर ठेवून आलो."

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"पावत्या विचारल्यात ना तुम्ही." मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी नेलेलं ते काय विक्रीत धरायचं? ते गेलंय असं डोक्यातच आलं नाही माझ्या. बाई, त्यांच्या मूत्रपिंडांवर गेल्या वर्षीच उपचार झालेत."

"जेवतात किती वाजता?"

"सव्वाअकराला."

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

काटेवालीनं आधीच फोन उचलला होता. तिकडं घंटी वाजत राहिली. "उचलत नाहीत."

"ऐकूच येत नाही त्यांना," मालक म्हणाला आणि पायात चप्पल नसतानाच धावत सुटला.

बेकरीवाल्यानं गाडी चालू केली. केकचे दोन्ही साचे रस्त्यावर उतरवून ठेवले आणि म्हणाला, "बसा, बाई." गुंजबाई आयुष्यात कधी बेकरीच्या तीनचाकी गाडीत पावांच्या टोपल्यांमध्ये बसल्या नव्हत्या. आज बसल्या. वाटेत त्यांनी मालकालाही उचललं.

६. पेल्यातला चमचा

जिना अरुंद होता. वरून आवाज येत होता. काचेच्या पेल्यात चमचा फिरल्याचा, किणकिण किणकिण.

"बाबा, पिऊ नका," मालक ओरडला. आवाज जिन्यातच घुमला आणि विरला. म्हाताऱ्याला तो कुठला ऐकू यायला. गुंजबाई दोन दोन पायऱ्या चढत होत्या. गुडघा ठणकत होता, त्याला त्या मनातल्या मनात शिव्या देत होत्या.

किणकिण थांबली.

मालक जागच्या जागी खिळला. गुंजबाईंनी त्याला बाजूला ढकललं आणि खांद्यानं दार उघडलं.

थोरले मालक जेवणाच्या टेबलाशी बसले होते. ताट बाजूला सारलेलं. डाव्या हातात पेला, ओठांपासून वीतभर अंतरावर. उजव्या हातात वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा. तो त्यांनी डोळ्यांजवळ धरला होता, मग लांब धरला, मग उलटा केला.

गुंजबाईंनी तीन पावलांत जाऊन त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. पाण्यावर पांढरी पूड तरंगत होती आणि तळाला तेवढीच बसली होती.

"प्यायलात?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. "एक तरी घोट?"

"तुम्ही कोण?" थोरले मालक म्हणाले.

"बाबा, प्यायलात का?" मालक खाली बसून त्यांचे गुडघे धरत म्हणाला.

"कसं पिणार? पाच मिनिटं ढवळतोय, विरघळायला तयार नाही. सोडा तो, पाण्यात पडला की गेला पाहिजे." त्यांनी कागद मुलाच्या नाकासमोर धरला. "म्हटलं बघावं तरी, याच्यावर काय लिहिलंय. तर काल कोण किती गोलांनी हरलं, ते लिहिलंय. पुडीवर नाव कुठाय? वजन कुठाय? दर कुठाय? मी चाळीस वर्षं पुड्या बांधल्या. पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहिल्याशिवाय एक पुडी काउंटरच्या पलीकडं जाऊ दिली नाही. तुला शिकवलं होतं ना रे?"

मालकानं डोकं त्यांच्या मांडीवर टेकवलं आणि हमसून हमसून रडायला लागला. थोरल्या मालकांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी आपलं मुलाच्या डोक्यावर थोपटलं.

गुंजबाई खुर्चीत बसल्या. त्यांना खूप आनंद झाला होता. तो लपवायचा त्यांनी मुळीच प्रयत्न केला नाही.

७. चारशे चाळीस

एक गोष्ट अजून उरली होती, आणि दुकानात परतल्यावर ती मालकानंच काढली. डोळे सुजलेले, पण बोट पुन्हा ताठ. या वेळी ते गोदाममामांकडं होतं.

"पोतं यांनी ओतलं. कसं ओतलं, ते यांनी सांगावं."

"मी दाखवते," गुंजबाई म्हणाल्या. "मामा, पोत्यांच्या चिठ्ठ्या आणा."

मामांनी तारेला टोचलेल्या चिठ्ठ्या आणल्या. घाऊक व्यापाऱ्यानं पाठवलेल्या, प्रत्येक पोत्याला बांधलेल्या. प्रत्येकीवर फक्त आकडा होता.

"पंचवीस वर्षं मामा माल कशावरून ओळखतात? आकड्यावरून. चिठ्ठीवर नाव नसतंच, मग दुसरं करणार काय? चारशे चाळीस म्हणजे पाच किलो सोडा. तीनशे ऐंशी म्हणजे पाच किलो बोरिक. दोन्हींची पूड पांढरी. पाठ झालेलं आहे त्यांना. मालक, या महिन्यात दर बदलले का?"

मालक व्यापाऱ्याचं दरपत्रक काढून बघायला लागला आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "सोडा स्वस्त झालाय. तीनशे ऐंशी."

"आणि बोरिक?"

"महागलंय. चारशे चाळीस."

मामांनी चिठ्ठ्या हातात घेऊन एकेक उलटून पाहिली. "मी म्हटलं होतं, चिठ्ठी बरोबर आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"चिठ्ठी बरोबरच होती, मामा. फक्त तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं." गुंजबाईंनी मालकाकडं पाहिलं. "व्यापाऱ्याला चिठ्ठीवर नाव नको म्हणून कुणी सांगितलं?"

मालकानं बोट स्वतःकडं वळवलं.

बोरिकच्या डब्यातून सोडा नेलेल्या दोन गिऱ्हाइकांना निरोप गेले. त्यांच्याकडच्या झुरळांची जळजळ थांबली असेल, एवढाच काय तो धोका. दोन्ही डबे रिकामे झाले, धुतले गेले, सोड्याच्या डब्यात नवं पोतं लिंबानं पारखून ओतलं गेलं, आणि बोरिकचा डबा दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुलपाच्या कपाटात गेला. पावतीचं यंत्र उघडून गुंजबाईंनी सहाच्या सहा ओळी चालू केल्या. पाच मिनिटांचं काम होतं. ते अडीच वर्षं रखडलं होतं.

मग मालकानं काट्याजवळची घडी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांनी काटेवालीपुढं धरली. "चुकलं माझं," तो म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला, हे गुंजबाईंनी मनात नोंदवून ठेवलं. काटेवालीनं ॲप्रन बांधला, चमचा धुतला, पुसला आणि आठव्या खुंटीला लावला.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. थोरले मालक जिना उतरून, गल्ली ओलांडून, कित्येक वर्षांनी दुकानात आले होते. सर्दी झालेला शिंपी मिऱ्यांसोबत आलं घ्यायला आला होता, तो बाजूला सरकला. थोरल्या मालकांनी त्याला हातानं थांबवलं. रांग म्हणजे रांग.

"सोडा," पाळी आल्यावर ते म्हणाले. "एकशे ऐंशी ग्रॅम. मघाच्या पुडीत हाताला तेवढाच लागला होता ना?"

मालक पुडी बांधायला कागद फाडणार, एवढ्यात काटेवालीनं त्याच्या हातावर चापट मारली.

"मालक, तुम्ही काउंटरच्या बाहेर. घरचा माल आहे ना? मग रांगेत उभे राहा. पावती नाही तर माल नाही. आपल्या दुकानाचा नियम आहे."

बेकरीवाल्याला हसू आवरेना. मालक निमूटपणे बाहेर गेला आणि वडिलांमागं उभा राहिला, अनवाणीच. काटेवालीनं रिकामी पिशवी तोलली, भरली, पुन्हा तोलली. त्यातल्या चिमूटभरावर लिंबू पिळलं. फेस वर आला. यंत्र नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ कुरकुरलं आणि लांब पावती बाहेर आली. एकविसावी.

थोरल्या मालकांनी ती डोळ्यांपासून लांब धरली आणि मोठ्यानं, एकेक ओळ, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी वाचली. खाण्याचा सोडा. दर. भरलेल्या पिशवीचं वजन. रिकाम्या पिशवीचं. निव्वळ एकशे ऐंशी. आकडा.

मग त्यांनी ती मागं उभ्या असलेल्या मुलाच्या हातात दिली.

"जपून ठेव," ते म्हणाले. "आणि पाणी आण. पोटात जळजळतंय मघापासून."